रबराच्या साच्यावरचं कवच : पीओपी, बँडेज, फायबर, तिन्ही वापरून झालं

आमच्या पहिल्या शाडूच्या गणपतीला दाढदुखी झाली होती. म्हणजे डावा गाल सुजलेला, सोंड जरा आत ओढलेली, आणि मुकुट असा कललेला की बाप्पा शेजारच्या घरातलं भांडण ऐकतोय असं वाटावं. सासूबाई म्हणाल्या असू दे गं, भक्ताचं गाऱ्हाणं ऐकतोय तो. पण मला माहीत होतं की चूक मातीची नव्हती, हाताची पण नव्हती, मी साच्याचे पैसे दिले होते आणि साच्यावरच्या कवचाचे वाचवले होते.

हे लिहायचं कारण असं की घरी मूर्ती करणारे आता बरेच झालेत, मे २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची पीओपीच्या मूर्तींविरुद्धची नवीन नियमावली आली आणि त्याच वर्षी कोरोनामुळे घरच्या मूर्तीला २ फुटांची मर्यादा आली, तेव्हापासून माझ्यासारख्या कितीतरी जणी शाडू घेऊन बसल्या. सगळे विचारतात रबर कुठून घेतलं, माती कुठली, रंग कुठले. कवचाबद्दल कोणी काही विचारत नाही. मी पण नव्हतं विचारलं. आता तीन प्रकार स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या पाठीने वापरून झाले आहेत, तर जे आहे ते लिहिते. मी पनवेलला राहते, ९ इंच आणि १२ इंच असे दोन साचे आहेत, सीझनला चाळीस-पंचेचाळीस मूर्ती करते, यापेक्षा मोठा अनुभव नाही हे आधीच सांगते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लॅटेक्स रबराचा साचा म्हणजे मोज्यासारखा असतो. रबराचे बरेच हात ब्रशने एकावर एक द्यायचे, मध्ये गॉजचं कापड लावायचं, सगळं वाळलं की तीन-चार मिलिमीटरचं कातडं तयार होतं. ते ताणलं जातं म्हणूनच सोंडेखालून, कानामागून, मोदकाच्या हाताखालून निघून येतं, कडक साच्याला ते जमत नाही, त्याचे दहा तुकडे करावे लागतात. पण ताणलं जातं हाच त्याचा दोष पण आहे. आत माती दाबली की ते फुगतं. म्हणून त्याच्या बाहेर एक कडक कवच लागतं जे रबराला सगळीकडून घट्ट धरून ठेवेल. मदर मोल्ड म्हणतात, बॅकिंग म्हणतात, मी आपलं कवच म्हणते. पीओपी ओतणाऱ्यांना एकवेळ कवच थोडं कच्चं असलं तरी चालून जातं, पातळ पीओपी आपल्या वजनाने बसतं. शाडू तसा नाही, शाडू अंगठ्याने दाबून दाबून भरावा लागतो, आणि सगळा जोर जातो बाहेरच्या कवचावर. हे मला दाढदुखीवाला गणपती झाल्यावर कळलं.

तर पहिल्या वर्षी मला विकणाऱ्याने सांगितलं होतं की ताई नुसतं रबर घ्या, बादलीत वाळू भरा, त्यात रबर पुरा, आणि वरून माती भरा, काही लागत नाही. वाळूचा आधार हा प्रकार खोटा नाही, छोट्या चार-पाच इंचाच्या ओतायच्या वस्तूंना चालतो असं नंतर मी स्वतः करून पाहिलं. पण दाबून भरायचं असेल तर विसरा. आपण दाबतो, वाळू सरकते, आणि वाळू परत जागेवर येत नाही. शिवाय दर मूर्तीला वाळू वेगळी बसते, त्यामुळे माझ्या पहिल्या सहा मूर्तींमध्ये सहा वेगवेगळे चेहरे होते, एक तर अगदी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींसारखा. वाळूला शून्य.

दुसऱ्या वर्षी पीओपीचं कवच घरी केलं. ९ इंचाच्या साच्यावर. याच्यासाठी एक गोष्ट आधी हवी, ती म्हणजे मूळ मूर्ती, जिच्यावर रबर चढवलं ती. कवच रबर मूर्तीवर असतानाच करायचं असतं, रबर काढून रिकामं केलं की त्याचा आकार गेला, मग तुम्ही ज्यावर कवच घालाल तो आकार खरा नाही. मी रबर तयार विकत घेतलेलं, मूळ मूर्ती माझ्याकडे कुठली. मग विकणाऱ्याच्या हातापाया पडून त्याच्या साच्यातली एक पीओपीची मूर्ती घेतली, तिच्यावर माझं रबर चढवलं, आणि मग काम सुरू. जे नवीन साचा घेणार आहेत त्यांनी एवढं ऐका, कवचासकट साचा मिळत नसेल तर निदान त्याच साच्यातली एक कोरी मूर्ती मागून घ्या, नाहीतर पुढचं सगळं अंदाजपंचे.

पीओपीची कृती अशी की रबराच्या मधोमध दोन्ही खांद्यांवरून, मुकुटाच्या टोकावरून शाडूची एक छोटी भिंत उभी करायची, म्हणजे पुढचा भाग आणि मागचा भाग वेगळे. भिंतीवर बोटाने दोन-तीन खळगे करायचे, म्हणजे नंतर दोन भाग एकमेकांत बरोबर बसतात, सरकत नाहीत. मग पाण्यात पीओपी भुरभुरायचं, पीओपीवर पाणी नाही ओतायचं, नाहीतर गुठळ्या झाल्याच समजा, मिनिटभर भिजू द्यायचं आणि मग ढवळायचं. मी ३ किलोला साधारण २ लिटर पाणी घेतलं. पहिला हात ताकासारखा पातळ, हा नुसता रबराच्या सगळ्या खाचाखोचांत जाण्यासाठी. मग ते श्रीखंडासारखं व्हायला लागलं की त्यात काथ्या बुचकळून बुचकळून लावायचा. काथ्या म्हणजे तोच, नारळाचा, फॉल्स सीलिंगवाले आणि मूर्तीवाले वापरतात तो. काथ्याशिवाय केलं तर पहिल्यांदा हातातून निसटलं की दोन तुकडे. एक भाग घट्ट झाला की भिंत काढायची, कडेला साबणाचं घट्ट पाणी दोन-तीनदा लावायचं, आणि दुसरा भाग. साबण विसरलात तर दोन्ही भाग जन्माचे एकत्र. व्हॅसलीन किंवा तेल लावायचा मोह होईल, माझ्या नवऱ्याने तर बाटली आणून पण ठेवली होती, पण लॅटेक्सला तेल आणि व्हॅसलीन चालत नाही, रबर फुगतं आणि हळूहळू चिकट होऊन मरतं. साबणच.

घट्ट होताना पीओपी गरम होतं, चांगलंच गरम, हात लावून बघाल तर कळेल. ही भट्टीत भाजून काढलेल्या जिप्समने पाणी परत पिण्याची क्रिया आहे आणि त्यातून उष्णता निघते. म्हणून पोरांना हाताचे ठसे वगैरे घ्यायला पीओपीच्या बादलीत हात घालून ठेवायला अजिबात देऊ नका, जाड थरात हात अडकला तर गंभीर भाजू शकतं. मधेच सांगितलं कारण माझी पुतणी घालायला निघाली होती.

निकाल? पीओपीचं कवच पक्कं असतं. खरंच पक्कं. दाबा, ठोका, हलत नाही. चेहरा दर वेळी एकसारखा आला, गालाची सूज गेली, आणि खर्च म्हणाल तर फार नाही, पीओपी आणि काथ्या मिळून तीनशेच्या आत झालं. पण वजन! ९ इंचाच्या साच्याचं नुसतं कवच पावणेतीन किलो, त्यात रबर, त्यात ओली माती, आणि साचा उलटा धरून तळातून भरायचा असतो. दिवसाला तीन वेळा ते उचल-ठेव केलं की संध्याकाळी मनगटाला मूव्ह. आणि दुसरं म्हणजे ओलं पीओपी सुक्याच्या निम्म्यानेच मजबूत असतं, चार-पाच दिवस नीट वाळवायला हवं, मी घाईघाईत दुसऱ्या दिवशी वापरलं तर कानाजवळचा कोपरा गेला. पावसाळ्यात तर ते वाळतच नाही, आणि आपलं काम नेमकं पावसाळ्यातच. शाडूच्या ओलीने कडा हळूहळू भुगा होत जातात, दुसरा सीझन संपेपर्यंत दोन भागांच्या मध्ये फट दिसायला लागली, आणि फट पडली की तिथे मातीची रेघ उमटते, ती घासत बसा.

अजून एक गैरसमज इथेच मोडते. बऱ्याच जणी म्हणतात की कवच पीओपीचं असलं की ते मातीचं पाणी शोषून घेतं आणि मूर्ती लवकर सुटते. पीओपीच्या जुन्या पद्धतीच्या तुकड्या-तुकड्याच्या साच्यात हे खरं आहे, तिथे माती थेट पीओपीला लागलेली असते. इथे मध्ये रबर आहे! रबर काय पाणी पिणार? तेव्हा शाडू पोळीच्या कणकेसारखा नाही, त्यापेक्षा घट्ट मळायचा, पुरीच्या कणकेसारखा, आत शंखजिऱ्याची पूड फिरवायची, आणि रात्रभर ठेवायचं. कवच कशाचं आहे याने सुटायला काडीचा फरक पडत नाही.

पीओपी कवचाला मी पाचपैकी साडेतीन देईन. ९ इंच आणि खाली असेल तर चार.

मध्ये एकदा बँडेजचा प्रयोग झाला तो पण सांगते. गणपतीला पंचवीस दिवस राहिलेले आणि १२ इंचाच्या साच्याला कवचच नाही, तेव्हा कोणीतरी सुचवलं की मेडिकलमधून प्लास्टरचं बँडेज आण, हाड मोडल्यावर घालतात तेच. १५ सेंटिमीटर रुंद आणि २.७ मीटर लांब असा रोल येतो. पट्ट्या कापायच्या, कोमट पाण्यात बुडवायच्या, हलक्या हाताने पिळायच्या, आणि एकावर एक आडव्या-उभ्या लावत जायच्या. लावायला इतकं सोपं आणि स्वच्छ की मला वाटलं आपण इतकी वर्षं मूर्खपणा केला, तासाभरात काम झालं, किचनच्या ओट्यावर झालं, काही सांडलं नाही. मेडिकलवाल्याने नऊ रोल देताना विचारलं, कोणाचं काय मोडलंय? मी म्हटलं कोणाचं नाही, गणपतीचं. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

पण शाडू भरायला घेतला आणि तिसऱ्या मूर्तीला पोटाचा भाग बाहेर आला. पाच-सहा थर दिले होते, ते हलकं झालं खरं, पण मोठ्या सपाट भागावर, म्हणजे पोट, पाठ, लवतं. लंबोदराचं पोट वाढलं म्हणून कोणी तक्रार करणार नाही असं नवरा म्हणाला, पण मांडी पण वाढली ना. मग बाहेरून बांबूच्या कामट्या लावून वर अजून चार थर दिले तेव्हा कसंबसं सीझन निघालं, आणि पैशाचं गणित केलं तर नऊ अधिक पाच रोलमध्ये पीओपीची चार कवचं झाली असती. ओतायची वस्तू असेल, छोटी असेल, दोन-चारच काढायच्या असतील तर बँडेज मस्त. दाबायच्या कामाला नाही. पाचपैकी दोन, आणि तो एक जास्तीचा तारा केवळ ओटा स्वच्छ राहिल्याबद्दल.

(फोमचा स्प्रे मारून कवच करा असं पण एक-दोघांनी सांगितलं. मी एका डब्याचे पैसे घालवले. तो फोम फुगतच राहतो, रबराला आत ढकलतो, आणि बंद जागेत हवेची ओल पोचत नाही तिथे आतून चिकटच राहतो. पुढे काही लिहीत नाही.)

आता फायबर, म्हणजे काचेच्या धाग्यांची मॅट रेझिनने कडक करून केलेलं कवच. याचेच दोन भाग आहेत, एक मी केलेला गाढवपणा आणि एक कारागिराने केलेलं काम.

गाढवपणा आधी. ऑनलाइन एक किट मागवलं, रेझिन, हार्डनर, कोबाल्टची (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात तो) छोटी बाटली आणि काचेच्या धाग्यांची मॅट. कागदावर इंग्रजीत चार ओळी. त्यात जे मोठ्या अक्षरात लिहायला हवं होतं ते लिहिलंच नव्हतं, की कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीच मिसळायचे नाहीत, पेट घेऊ शकतं, स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये घालून पूर्ण ढवळायचा, आणि मग वेगळ्या मापाने हार्डनर, तो पण साधारण एक ते दोन टक्केच. हे मला आमच्या शेजारचे एक काका होते, बोटी दुरुस्त करायचे, त्यांनी सांगितलं म्हणून वाचले. त्यांनी चष्मा लावायला पण लावला, हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो म्हणाले. ज्या किटमध्ये हे लिहिलेलं नाही ते विकू नये असं माझं मत आहे, आणि तसं मी त्यांना लिहून पण कळवलं, उत्तर आलं की आपल्या प्रतिक्रियेबद्दल धन्यवाद.

बरं, बाल्कनीत बसून, मास्क लावून, रबरावर थेट रेझिन फिरवलं आणि मॅट लावली. वास असा की तिसऱ्या मजल्यावरून फोन आला गॅस लीक झालाय का. दोन तासांनी कवच टणक, मी खूश. उघडलं तर रबराच्या अंगाला सुरकुत्या! पाण्यात खूप वेळ बसल्यावर बोटांना पडतात ना, तशा. रेझिनमध्ये स्टायरीन असतं आणि ते नैसर्गिक रबरात शिरून रबर फुगवतं. सिलिकॉन रबर असतं तर बिनधास्त चाललं असतं, सिलिकॉनला काही चिकटत पण नाही, पण सिलिकॉन महाग, आपलं लॅटेक्स. लॅटेक्सवर फायबर करायचं तर मध्ये काहीतरी आडोसा लागतो. त्या दिवशी माझा ९ इंचाचा जुना साचा कायमचा गेला, तो अजून जपून ठेवलाय, वयस्कर गणपती येतो त्यातून.

मग गेले पेणला. पेणमध्ये आणि आसपास हमरापूर, जोहे, कळवे या गावांत घराघरात गणपतीचे कारखाने आहेत हे आपल्याकडे सगळ्यांना माहीतच आहे, पण तिथे नुसते कवच करून देणारे पण आहेत हे मला नव्हतं माहीत. एका कारखान्यात मूर्ती बघता बघता विचारलं तर त्यांनी गावातल्याच एकाकडे पाठवलं. नाव लिहीत नाही कारण त्यांनी सांगितलंय की ताई, गर्दी नको, आहे तेच पुरत नाही. पत्र्याची शेड, बाहेर गवतात दहा-बारा कवचं उन्हात पालथी पडलेली, लांबून बघितलं तर कासवं.

माझं १२ इंचाचं रबर आणि आतली मूर्ती त्यांनी हातात घेतली आणि पंधरा मिनिटं काहीही केलं नाही. नुसते बघत बसले. मग मोबाईलचा टॉर्च लावला, समोरून धरला, आणि खडूने खुणा करायला लागले. मी विचारलं काय करताय दादा, तर म्हणाले, "ज्या बाजूने कवच ओढणार तिकडून उजेड मारायचा. जिथं सावली पडली तिथं कवच अडकणार. तेवढं समजलं की झालं, बाकी मग हमाली." मला हे एवढं आवडलं की घरी येऊन मी सगळ्या वस्तूंवर टॉर्च मारत सुटले. रबर ताणून निघेल हो, पण कवच कडक, ते सरळ रेषेत मागे यायला हवं, त्याला कुठे हुक लागला की रबर, मूर्ती, कवच सगळं एकात एक अडकून बसतं.

मी घरी पुढचा-मागचा असे दोन भाग केले होते ना, ते बघून हसले नाहीत पण मान हलवली. उजव्या हातातला आशीर्वाद पुढे येतो, डावा मोदकाचा हात बाजूला, म्हणून दोन भागांत काम होत नाही, मी ताकद लावून काढत होते आणि म्हणूनच कोपरे तुटत होते. त्यांनी तीन भाग केले, पाठ एक, आणि पुढचे डावा-उजवा असे दोन, पण त्यांची जोडरेघ सोंडेवरून न नेता सोंडेच्या बाजूने, पोटाच्या कडेने खाली पाटापर्यंत नेली, कारण जोडरेघ कुठे ना कुठे थोडं तरी दाबते आणि ते चेहऱ्यावर नको. सोंडेखाली आणि काखेत जिथे खोल सावली पडत होती तिथे रबराच्या बाहेरून लॅटेक्समध्ये लाकडाचा बारीक भुसा कालवून तो लगदा भरला, म्हणजे आतून सगळे बारकावे तसेच पण बाहेरून साचा गुळगुळीत बटाट्यासारखा. हे इतकं साधं आहे, आणि मला तीन वर्षांत सुचलं नाही.

मग त्या सगळ्यावर आडोसा. त्यांनी वाळल्यावर प्लास्टिकसारखा पापुद्रा होतो ते पाण्यात विरघळणारं लिक्विड दोन हात मारलं आणि पूर्ण वाळू दिलं, माझ्या सुरकुत्यांची गोष्ट सांगितली तर म्हणाले हे सगळ्यांचं होतं एकदा. मॅटचे दोन थर, ४५० ग्रॅमवाली, कडेला बाहेर दीड इंचाची पट्टी सोडून, त्या पट्टीला भोकं पाडून बोल्ट आणि हाताने फिरवायचे पंखाचे नट. पान्याची गरज नाही. कवचाच्या डोक्याकडे तीन पाय काढून दिले म्हणजे उलटं ठेवलं तर डुगडुगत नाही, दोन्ही हात माती भरायला मोकळे. तळाशी रबराची कड बाहेर वळवून कवचाच्या काठावर बसते, पिशवी डस्टबिनला लावतो ना तशी, म्हणून दाबताना रबर आत घसरत नाही. हे पाय आणि ही कड, या दोन गोष्टींसाठी मी त्यांना वेगळे पैसे द्यायला तयार होते.

मला हे २,४०० रुपयांना पडलं, पाहिजे तर महाग म्हणा. आठ दिवसांत देतो म्हणाले आणि सोळा दिवसांनी दिलं, फोन उचलत नाहीत, दोनदा हेलपाटा झाला, एकदा तर मेमूने गेले आणि शेडला कुलूप. हा एक तारा इथेच गेला. अजून एक तक्रार, आतल्या बाजूला दोन-तीन ठिकाणी काचेचे धागे टोचतात तसे वर राहिले होते, मी पॉलिश पेपर मारला, हातमोजे घालून आणि मास्क लावून, ती धूळ अंगाला दोन दिवस खाजते. त्यांनी स्वतःच हे करून द्यायला हवं होतं.

पण वजन सव्वा किलो! याच मापाचं पीओपीचं केलं असतं तर पाचच्या आसपास गेलं असतं. मागच्या सीझनला त्यातून २८ मूर्ती काढल्या आणि सगळ्या एकाच चेहऱ्याच्या, जोडरेघ मूर्तीवर दिसते न दिसते, ओल्या स्पंजाने एक हात फिरवला की गेली. पाण्याने काही होत नाही, काम झालं की नळाखाली धुवायचं. एकदा मुलाच्या हातून जिन्यात पडलं, सहा पायऱ्या, मी डोळे मिटून घेतले, कडेला एक पांढरी चीर फक्त. पीओपीचं असतं तर जिना झाडत बसले असते.

एकच गोष्ट सांभाळा की भाग काढायचा क्रम ठरलेला असतो. आधी पाठ, मग डावा, मग उजवा. उजवा आधी ओढला तर आशीर्वादाचा हात रबरासकट ओढला जातो आणि ओल्या शाडूचा पंजा मनगटापासून निघून येतो, माझे दोन गेले, दोन्ही रात्री अकरानंतर. आता कवचावर परमनंट मार्करने मोठे आकडे टाकलेत १, २, ३.

आणि सीझन संपला की रबर धुऊन, सुकवून, थोडं शंखजिरं लावून परत कवचातच घालून ठेवा, बोल्ट हलके लावून. आमच्या ओळखीच्या एकीने रबर घडी घालून पिशवीत ठेवलं आणि कवच माळ्यावर, पुढच्या जूनमध्ये बाप्पाच्या कपाळावर घडीची रेघ. लॅटेक्सला ऊन पण नको, उन्हाने ते कडक होऊन तडकतं.

तर फायबर, पण स्वतः नाही, करून घेतलेलं, पाचपैकी चार. ज्याला घरी करायचंच आहे त्याने आधी एखाद्या बारक्या साच्यावर पीओपी आणि काथ्याने करून बघावं, त्यात जोडरेघ कुठे घ्यायची ते हाताला कळतं, आणि चुकलं तर नुकसान तीनशेचं.

१८ इंचाचं रबर यंदा घेतलंय, ते पण त्याच शेडमध्ये टाकून आलेय. मार्चमध्ये देतो म्हणालेत, म्हणजे मी एप्रिलच्या शेवटी जाणार. आणि ९ इंचाचं जुनं पीओपीचं कवच बाल्कनीत पडून आहे, कानाजवळचा कोपरा एम-सीलने लावलेला, बाकी धडधाकट, पनवेलमध्ये कोणाला सरावाला हवं असेल तर फुकट घेऊन जा, दुसऱ्या मजल्यावरून खाली मात्र तुमचं तुम्ही न्यायचं, लिफ्ट बंद आहे.